केकवरचे छायाचित्र : खाद्य शाईची छपाई आणि जुन्या प्रिंटरचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी जुना इंकजेट प्रिंटर पिशवीत घालून माझ्या केबिनमध्ये आला. त्याची आई इथे जबलपुरात घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. वाढदिवसाच्या केकवर मुलाचा फोटो हवा, अशी मागणी आता नेहमीचीच झाली आहे आणि दर वेळी ती शीट बाहेरून छापून आणावी लागते. वडिलांच्या दुकानातला प्रिंटर पडून होता. खाद्य शाई ऑनलाइन मिळते. राहिला एकच प्रश्न, तो त्याने इथल्या बोलीत विचारला : "सर, इसको अच्छे से धो के चला लें क्या?"

प्रश्न साधा वाटला, म्हणून मी लगेच "नको" म्हणालो. "का नको?" हे त्याला नीट सांगायला मात्र आम्हाला दोन आठवडे लागले. हे टिपण म्हणजे त्या दोन आठवड्यांचा सारांश आहे. द्वितीय वर्षाचे द्रवयांत्रिकी आणि प्रथम वर्षाचे रसायनशास्त्र येत असेल तर यातले काहीच अवघड नाही. केक करता येण्याची अट नाही. मलाही येत नाही.

साखरेवर कारागिरी करणे आपल्याला नवे नाही. संक्रांतीला हलव्याचे दागिने होतात, पाडव्याला साच्यातल्या गाठी गुढीला बांधतात. पण त्यात आकार असतो, चित्र नसते. चित्रासाठी रंगाचा थेंब ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाचा पडावा लागतो, आणि ते काम इंकजेट प्रिंटर फार चांगले करतो. त्यामुळे आधी तो थेंब समजून घेऊ.

थेंब कसा पडतो

घरगुती इंकजेटमध्ये थेंब फेकण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली उष्णतेची. नोझलच्या मागे एक सूक्ष्म तापक असतो. त्याला काही मायक्रोसेकंद वीज दिली की त्याला लागून असलेला शाईचा पातळ थर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, एकदम वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई नोझलमधून बाहेर ढकलली जाते. बुडबुडा विरला की मागून ताजी शाई आत येते. कॅनन कंपनी या शोधाची गोष्ट अशी सांगते की १९७७ साली प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागले आणि टोकातून शाई उडाली. दुसरी पद्धत पिझोची. तिच्यात विजेने आकार बदलणारा स्फटिक शाईला दाबतो, उष्णता लागत नाही. एप्सनचे प्रिंटर या प्रकारचे असतात.

दोन्ही पद्धतींत थेंब काही पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. ५ पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास गोलाच्या घनफळाच्या सूत्राने काढा : सुमारे २१ मायक्रोमीटर येतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

एवढा लहान थेंब गोल सुटावा, त्याला शेपूट राहू नये आणि त्याचे तुषार होऊ नयेत, यासाठी श्यानता आणि पृष्ठताण यांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ मोजायला ओनेसोर्गे अंक वापरतात : श्यानता भागिले घनता, पृष्ठताण आणि लांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. या अंकाचा व्यस्त साधारण १ ते १० च्या दरम्यान असला तर थेंब नीट सुटतो. श्यानता ४ मिलिपास्कल-सेकंद, पृष्ठताण ४० मिलिन्यूटन प्रति मीटर, घनता १०५० किलो प्रति घनमीटर आणि लांबी २१ मायक्रोमीटर धरा. उत्तर सात-साडेसात येते. जमले.

आता केकवाल्यांकडचा जेल रंग पाण्यात कालवून कार्ट्रिजमध्ये भरला तर काय होईल? बरेच जण हा प्रयोग करून बसतात. जेल रंगात साखरेचा पाक, ग्लिसरीन आणि दाटपणा आणणारे पदार्थ असतात. पातळ केला तरी त्यातले न विरघळलेले कण राहतातच, आणि २० मायक्रोमीटरच्या भोकाला दोन मायक्रोमीटरचे चार कणही पुरे होतात. तापकाच्या पद्धतीत आणखी एक भानगड आहे. साखर आणि अशुद्ध द्रव्ये तापकावर करपून बसतात, त्या थराने उष्णता अडते आणि थेंब बारीक होत जातो. म्हणून कारखान्यात तयार होणारी खाद्य शाई एका मायक्रोमीटरहून बारीक चाळणीतून गाळलेली असते. ते काम स्वयंपाकघरातल्या मलमलीने होत नाही.

शाईत काय असते

साध्या छपाईच्या शाईत पाणी, रंग, नोझल सुकू नये म्हणून ग्लायकॉल वर्गातली द्रव्ये, कागदात मुरण्यासाठी पृष्ठताण कमी करणारे रसायन आणि बुरशी लागू नये म्हणून जंतुनाशक असते. अनेक शायांमध्ये त्या ग्लायकॉलांपैकी एक डायएथिलिन ग्लायकॉल असते. कागदासाठी ते उत्तम काम करते. पोटात गेले तर मूत्रपिंड निकामी करते.

खाद्य शाईचा सांगाडा असाच आहे, फक्त प्रत्येक जागी खाण्यायोग्य पर्याय बसवलेला असतो. ग्लायकॉलच्या जागी ग्लिसरीन किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल, जंतुनाशकाच्या जागी पोटॅशियम सॉर्बेटसारखे परिरक्षक, आम्लता राखायला सायट्रिक आम्ल, आणि रंग कायद्याने मान्य केलेले. भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत असे आठ कृत्रिम रंग आहेत : लाल गटात पाँसो ४आर, कार्मोझिन आणि एरिथ्रोसिन, पिवळ्यात टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, निळ्यात इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू, हिरव्यात फास्ट ग्रीन. अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा रेड ४० या आठांत नाही. परदेशी बनावटीची बाटली घेताना तिच्यावरचे "खाद्य" हे विशेषण पुरेसे नसते. लेबलावरचे रंगांचे क्रमांक या यादीशी जुळवून पाहायचे. ज्या बाटलीवर घटकच छापलेले नाहीत ती स्वस्त असली तरी परत ठेवा. "विषारी नाही" असे लिहिलेली बाटलीही परत ठेवा. लहान मुलांचे क्रेयॉनही विषारी नसतात, म्हणून ते खायचे नसतात.

ग्लिसरीनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण घरी शाई तयार करण्याच्या कृतींमध्ये "थोडे ग्लिसरीन घाला" हे वाक्य हटकून असते. ग्लिसरीन आणि डायएथिलिन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दाटसर आणि गोडसर. डोळ्यांनी वा जिभेने त्यांत फरक करता येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघाले आणि १४ रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. एवढे होऊनही २०२५ साली आमच्या जबलपूर विभागातल्याच छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधात हेच द्रव्य सापडले आणि वीसहून अधिक मुले गेली. त्या आठवड्यांत आमच्या कॉलनीत प्रत्येक घरी औषधांचा डबा उपसला गेला. तेव्हा ग्लिसरीन घ्यायचे तर खाद्य वा औषधी दर्जाचे, सीलबंद. औद्योगिक डब्यातले सुटे नाही. माझे मत विचाराल तर घरी शाई करूच नये.

प्रिंटर धुतला तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यार्थ्याचा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. त्याने वहीत मांडले होते : कार्ट्रिजमध्ये निथळल्यावर १ मिलिलिटर शाई उरते असे समजू. त्यात ९ मिलिलिटर शुद्ध पाणी घालून हलवले आणि पुन्हा १ मिलिलिटर उरेपर्यंत ओतले, तर उरलेल्या द्रवाची संहती दहावा हिस्सा होते. असे सहा वेळा केले तर दहा लाखावा हिस्सा. मग काळजी कसली?

हिशेब बरोबर होता, पण त्यामागे एक गृहीतक लपले होते : प्रत्येक वेळी आतला सगळा द्रव पूर्ण मिसळतो. ते तपासायला आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला कलरिमीटर मागून आणला. दर धुण्याचे पाणी वेगळ्या परीक्षानळीत ठेवले, किरमिजी रंगाचे शोषण मोजले आणि बिअर-लँबर्ट नियमाने संहती काढून तिचा लॉगॅरिदम धुण्याच्या क्रमांकापुढे मांडला. गृहीतक खरे असते तर आलेख सरळ रेषेत उतरत गेला असता. तिसऱ्या धुण्यापर्यंत तो तसा उतरला. मग रेषा आडवी होऊ लागली. सातव्या धुण्याला पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. आम्ही कार्ट्रिज ओलीच ठेवून घरी गेलो. सकाळी तिच्यातून पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपला तर टिश्यू गुलाबी.

रात्रीत रंग आला कुठून? कार्ट्रिजमध्ये स्पंज असतो, गाळणी असते आणि काही मार्ग एका टोकाला बंद असतात. धुण्याचे पाणी मोकळ्या वाटेने वाहून जाते. बंद खाचेतल्या शाईला ते हलवत नाही. तिथली शाई फक्त विसरणाने बाहेर येते. पाण्यातल्या रंगाच्या रेणूचा विसरणगुणांक साधारण ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रति सेकंद. ५ मिलिमीटर खोल खाचेसाठी लागणारा वेळ म्हणजे लांबीचा वर्ग भागिले हा गुणांक : २५ × १०⁻⁶ भागिले ५ × १०⁻¹⁰, म्हणजे ५०,००० सेकंद. जवळपास १४ तास. आमची टिश्यू गुलाबी व्हायला लागला तेवढाच वेळ! माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात इतके वेळेवर आलेले उत्तर मी क्वचितच पाहिले आहे.

मग त्याने पुढचा प्रश्न काढला : कार्ट्रिजच नवी घेतली तर? त्यासाठी प्रिंटरचे झाकण उघडून आत पाहावे लागते. हेड जिथे विसावते तिथे रबराची टोपी असते, ती नोझल सुकू नये म्हणून खालून झाकते. शेजारी रबराची पट्टी असते. ती दर वेळी नोझलचा तळ पुसते. खाली शोषक गादी असते, तिच्यात साफसफाईच्या वेळी थुंकलेली सगळी शाई साठते. या तिन्ही जागा जुन्या शाईने माखलेल्या असतात. नवी, खाद्य शाईची कार्ट्रिज बसवली की पहिल्याच पुसण्यात जुनी शाई तिच्या तोंडाला लागते. बाटलीतून ओतून भरायच्या टाकीच्या प्रिंटरमध्ये तर टाकीपासून हेडपर्यंत लांब नळ्याही असतात, आणि त्या धुणे याहून कठीण.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. असा धुतलेला प्रिंटर वापरून छापलेला एक केक खाल्ला तर कोणी आजारी पडेल असे मी म्हणत नाही. उरलेल्या शाईचे प्रमाण फारच थोडे असते. अडचण अशी की ते प्रमाण किती हे त्या घरात कोणालाच माहीत नसते, आणि केक खाणार असतात दुसऱ्यांची मुले. ती आई स्वतःच्या घरासाठी केक करत नाही, पैसे घेऊन विकते. तिच्या नोंदणीच्या कागदावर तिचे नाव आहे. बाटलीवर खाद्य लिहिले असले तरी थेंब केकपर्यंत ज्या वाटेने येतो ती सगळी वाट तशी असावी लागते, आणि जुन्या प्रिंटरची वाट तशी करता येत नाही.

मार्ग एकच : कधीही साधी शाई न शिरलेला नवा प्रिंटर घ्यायचा, पहिल्याच दिवशी खाद्य शाईची रिकामी मिळणारी कार्ट्रिज भरून बसवायची आणि त्यावर दुसरे काही छापायचे नाही. सोबत आलेली मूळ कार्ट्रिज चाचणीलाही बसवायची नाही, कारण एकदा ती पुसली गेली की संपले. हेड काढता-घालता येणारे आणि मागच्या ट्रेमधून शीट घेणारे मॉडेल बरे. शीट जाडसर असते आणि पुढच्या ट्रेच्या वळणावर मोडते. वॉरंटी मात्र गेली असे समजा. त्या विद्यार्थ्याकडे पुढे असा प्रिंटर आला, त्यावर "सिर्फ केक" अशी चिठ्ठीही चिकटवली, आणि महिनाभरात धाकट्या भावाने त्यावर प्रोजेक्टची ३० पाने छापली. शाईचे नुकसान झाले, रोलरना कागदाचा भुसा लागला, पण मार्ग बिघडला नाही. रोलर पुसून काम भागले.

रंग मनासारखे का येत नाहीत

घरी पहिला फोटो छापला की हमखास तक्रार येते : चेहरा तांबूस दिसतो, जांभळी साडी मळकट येते आणि काळे केस तपकिरी-हिरवट. दोष प्रिंटरचा नसतो.

छपाई निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईवर चालते. आदर्श किरमिजी शाईने फक्त हिरवा प्रकाश शोषावा, म्हणजे ५५० नॅनोमीटरच्या आसपास, आणि निळा प्रकाश सोडून द्यावा. आपल्या मान्य लाल रंगांची कमाल शोषणाची जागा पाहा : पाँसो ४आर ५०७, कार्मोझिन ५१६, एरिथ्रोसिन ५२६ नॅनोमीटरच्या जवळ. सगळे डावीकडे सरकलेले. म्हणजे ते निळ्या प्रकाशाचाही लचका तोडतात, आणि परिणामी किरमिजीऐवजी लाल दिसतात. निळ्यावर लाल चढवून जांभळा करायला गेलात तर निळाच अर्धा खाल्ला जातो. साडी मळकट होते ती अशी. त्यातला एरिथ्रोसिन त्यातल्या त्यात किरमिजीच्या जवळचा, पण उजेडात तो लवकर फिका पडतो, आणि त्याची दुसरी अडचण पुढे येतेच आहे. पिवळ्याला टार्ट्राझिन (४२६ नॅनोमीटर) आणि निळसरला ब्रिलियंट ब्लू (६३० नॅनोमीटर) आपापली कामे चांगली करतात. काळा बहुधा या रंगांच्याच मिश्रणाने केलेला असतो, म्हणून तो कधी हिरवा, कधी तपकिरी झाक मारतो. पांढरी शाई नसतेच. दातांचा आणि डोळ्यांचा पांढरा म्हणजे शीटचा स्वतःचा रंग, आणि तो किंचित पिवळसर असतो.

उपाय छपाईआधी करायचा. फोटोतला लाल थोडा कमी करा, उजळपणा वाढवा, गडद पार्श्वभूमी काढून टाका. पार्श्वभूमी काढण्याचा फायदा फक्त दिसण्यापुरता नाही.

पोटात किती रंग जातो

हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा असा आहे. गृहीतके मी सांगतो, ती बदलून पाहा. पूर्ण रंगीत फोटोला दर चौरस मीटरला १० ग्रॅम शाई लागते असे समजू. ए-४ शीटचे क्षेत्रफळ ०.०६२ चौरस मीटर, म्हणजे शाई सुमारे ०.६ ग्रॅम, ५ पिकोलिटरचे बारा कोटी थेंब. शाईत रंगाचे प्रमाण ३ टक्के धरले तर शीटवर १८ मिलिग्रॅम रंग.

कृत्रिम रंगांची नियमातली सर्वसाधारण कमाल मर्यादा अन्नपदार्थाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. केक एक किलोचा असेल तर आपले प्रमाण १८. मर्यादेच्या खूप आत. पण शीटचे वजन २५ ग्रॅम असेल आणि छेदात केकऐवजी शीटचे वजन घातले तर तेच प्रमाण किलोला ७२० मिलिग्रॅम होते! अंश तोच, छेद बदलला आणि उत्तर चाळीस पटींनी फिरले. प्रदूषणाच्या मोजमापापासून मिश्रधातूंपर्यंत ही चूक मी दर वर्षी उत्तरपत्रिकांत पाहतो : "टक्के" लिहिले जाते, कशाचे ते लिहिले जात नाही.

मुलाच्या बाजूने पाहिले तर किलोमागचे प्रमाण महत्त्वाचे नाही, एका दिवसात पोटात किती गेले ते महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती प्रत्येक रंगासाठी शरीराच्या वजनामागे रोजची ग्राह्य मात्रा ठरवते. टार्ट्राझिनसाठी ती किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत, कार्मोझिन आणि सनसेट यलोसाठी ४, पण एरिथ्रोसिनसाठी फक्त ०.१. वीस किलोच्या मुलासाठी एरिथ्रोसिनची मात्रा झाली दिवसाला २ मिलिग्रॅम. केकचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यावर एकूण दीड मिलिग्रॅम रंग येतो. त्यात एरिथ्रोसिन तिसरा हिस्सा धरला तरी अर्धा मिलिग्रॅम. ठीक आहे. पण ज्याचा वाढदिवस आहे तो एका तुकड्यावर थांबत नाही. त्याने शीटचा पाव भाग सोलून खाल्ला तर दीड मिलिग्रॅम, आणि त्याच दिवशी लाल चेरी आणि रंगीत गोळ्या आहेतच. कार्मोझिनची शाई असती तर त्याच मुलाला ८० मिलिग्रॅमपर्यंत मोकळीक होती. अमेरिकेने एरिथ्रोसिनची अन्नातली मान्यता जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली. आपल्या यादीत तो आहे. मी असतो तर दोन बाटल्यांतून कार्मोझिनची उचलली असती.

गडद पार्श्वभूमी काढली आणि पूर्ण ए-४ ऐवजी चार इंचांचे वर्तुळ छापले तर शाई पाचव्या हिश्श्याच्याही खाली येते. हा उपाय फुकट आहे.

शीट, आणि जबलपूरची हवा

शीटचे दोन प्रकार घरी वापरतात. वेफर पेपर बटाट्याच्या स्टार्चपासून करतात. तो पातळ, कडक आणि स्वस्त, पण त्यावर चित्र फिके येते आणि तो तोंडात कागदासारखा लागतो. आयसिंग शीट मक्याचा स्टार्च, साखर, ग्लिसरीन आणि सेल्युलोज गोंद यांची असते, प्लॅस्टिकच्या फिल्मवर पसरलेली. चित्र तिच्यावर खुलते आणि ती केकवर विरघळून एकजीव होते. काही शीटमध्ये पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ते अन्नात बंद केले आहे. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी हिरवा ठिपका पाहायला विसरू नका, कारण "नैसर्गिक लाल" म्हणून मिळणारा कार्माइन किड्यांपासून करतात.

आयसिंग शीटमधले ग्लिसरीन हवेतून पाणी ओढते आणि सोडते, म्हणून तिची वागणूक ऋतूप्रमाणे बदलते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की पाकीट उघडे राहिले तर शीट तासाभरात तडकते आणि न वापरलेली नोझल काही दिवसांत सुकतात. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तरी एक लहान रंगपट्टी छापून नोझल वाहती ठेवावी लागते. जुलैत उलटे. शीट चिकट होते, फिल्मवरून सुटत नाही. तेव्हा पंख्याखाली नव्हे, तर पाच मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवून लगेच सोलायची.

पण पावसाळ्यातला खरा शत्रू दवबिंदू. माझ्या काकांच्या पंचाहत्तरीला आम्ही फोटो केक मागवला होता. आदल्या रात्री आमच्याच घरी व्हिप्ड क्रीमवर शीट लावून तो फ्रीजमध्ये ठेवला. हॉलवर नेऊन झाकण काढले आणि दहा मिनिटांत काकांच्या मिशा हनुवटीवर उतरल्या. तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. केक होता ५ अंशांवर. त्यावर पाणी धरणारच, आणि खाद्य रंग तर पाण्यातच विरघळणारे. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू १० अंशांच्या आसपास असतो. तेव्हा केकवर पाणी धरते ते नावापुरते. शिवाय व्हिप्ड क्रीममधले पाणी रात्रभर खालून शीटमध्ये चढत होतेच.

काकूने आधीच बजावून ठेवले होते की माणसाच्या फोटोवर सुरी चालवायची नाही. आमच्या घरांत हे ऐकायला मिळतेच, आणि केकवाल्या बाईंना ते माहीत असलेले बरे. मजा अशी की या दोन्ही अडचणींवर एकच तोड आहे. शीट थेट क्रीमवर न लावता फाँडंटच्या किंवा पांढऱ्या चॉकलेटच्या पातळ चकतीवर लावायची. चकतीतून पाणी वर चढत नाही, आणि केक कापायच्या आधी चेहरा अख्खा उचलून बाजूच्या ताटलीत ठेवता येतो. चकती केकवर शेवटच्या तासात ठेवावी. केक फ्रीजमधून काढताना तो बंद डब्यात असावा आणि डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे दव डब्यावर धरेल, मिशांवर नाही.

सरावासाठी तीन गोष्टी करून पाहा. खाच ५ ऐवजी १० मिलिमीटर खोल असेल तर रात्रभर भिजवणे पुरेल का, ते काढा. तुमच्या शहरातल्या आजच्या तापमान-आर्द्रतेवरून दवबिंदू काढून केकचा डबा किती अंशांपर्यंत बंद ठेवावा लागेल ते सांगा. आणि जवळच्या दुकानात फोटो केकची शीट छापून मिळत असेल तर शाईची बाटली दाखवा अशी विनंती करून तिच्यावरचे रंगांचे क्रमांक वहीत उतरवून आणा. बाटलीवर काही लिहिलेलेच नसेल तर तसे लिहा.